घड्याळाशेजारचा पाव्हणा

मी एक सॉफ्टवेअर बोलतोय. हसू नका. पाटी बोलली, छत्री बोलली, शाळेची घंटासुद्धा बोलून दमली, ते सगळं तुम्ही डोळे पुसत ऐकलंत. मग माझंच काय वाईट? मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही नाही, पण सांगण्यासारखं पुष्कळ आहे. त्यातलं निम्मं तर तुमच्याच घरातलं आहे.

माझा जन्म लांबच्या एका शहरात, थंडगार खोलीत झाला. मला घडवणारी पोरं हुशार होती आणि तितकीच चिकट. जगभरच्या लोकांना संगणकावर क्रिकेटची मॅच दाखवायची तर मोठमोठी यंत्रं उभी करावी लागतात. ती कोण करणार? पोरांनी डोकं चालवलं. जो मॅच बघतोय त्याच्याच इंटरनेटवरून ती पुढच्या बघणाऱ्याकडे ढकलायची. म्हणजे पंगतीत जेवायला बसलेल्यालाच वाढायला लावायचं, आणि आपण वाढतोय हे त्याला कळूही द्यायचं नाही.

माझं शिक्षण यथातथाच. चित्र आत घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे आणि ते बाहेर पाठवायचे, एवढंच माझ्याकडून घोकून घेतलं. घरमालकाला विचारण्याचं नाटक तेवढं होतं. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत लांबलचक मजकूर आणि खाली 'मला मान्य आहे' असं बटण. ते बटण माणूस कधी वाचून दाबत नाही, हे माझ्या बापांना पक्कं ठाऊक होतं.

बाभुळगावला मी आलो तो दोन हजार दहाच्या आसपास. त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्यातला माणूस परगावी गेला की लोक आधी कापसाचं विचारायचे आणि मग तब्येतीचं. मी उतरलो तो अनंतरावांच्या घरी. अनंतराव पंचायत समितीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सगळ्या नोकरीत या माणसानं एकही कागद न वाचता पुढे सरकवला नव्हता. साहेब ताटकळायचे, चहा थंड व्हायचा, पण अनंतरावांचं बोट आपलं ओळीखालून सरकत राहायचं. असा माणूस माझ्या मजकुरापुढे चष्मा पुसून बसला तेव्हा मी घाबरलोच. म्हटलं, आता हा सगळं वाचणार.

पण शेजारी बबनराव होते. बबनरावांचं वावर गावाला लागूनच, कालव्याच्या बाजूला. अनंतरावांशी दोस्ती शाळेपासूनची. केबलवाला ते चॅनल दाखवत नव्हता, म्हणून दोघं संगणकापुढे बसलेले.

"दाबा ना जी," बबनराव म्हणाले, "तिकडे टॉस होऊन राह्यला."

अनंतरावांनी दाबलं. मी घरात शिरलो. माझं खरं नाव इंग्रजी आणि अवघड होतं, ते कोणाच्याच जिभेवर बसलं नाही. दोघांनी मला 'मॅचवाला' करून टाकलं.

मॅच मी छान दाखवायचो, त्यात खोट नाही. मॅच संपली की अनंतराव कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारायचे आणि मी गेलो असं त्यांना वाटायचं. मी कुठला जातोय? मी फक्त बैठकीतून उठून ओसरीवर यायचो. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात घड्याळ असतं ना, त्याच्या शेजारी इवलासा होऊन बसायचो आणि माझं वाढप चालू ठेवायचो. आज कुणाला तरी मॅचचा कालचा भाग हवा, कुणाला परवाचा. पाठव तुकडे.

त्यात अनंतरावांची संगणक बंद करण्याची एक खास पद्धत होती. ते पडद्याचं बटण दाबायचे. पडदा काळा झाला म्हणजे संगणक झोपला. मग त्यावर शीलाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, शिवलेला फुलाफुलांचा अभ्रा चढवायचे आणि हात झटकायचे. टेबलाखालचा डबा हाच खरा संगणक, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या लेखी तो टेबलाचा चौथा पाय. आणि वीज गेलीच तर मुलानं बसवून दिलेला इन्व्हर्टर होता. त्यामुळे त्या घरात सगळे झोपायचे, मी सोडून.

हा मुलगा म्हणजे सलील. पिकांच्या रोगांचं शिकून दक्षिणेत एका कापूस संशोधन संस्थेत लागलेला. संगणक, कॅमेरा, सगळं त्यानंच घेऊन दिलं होतं, आईवडील दर रविवारी डोळ्यांना दिसावेत म्हणून. शीलाताई रविवारी इस्त्रीची साडी नेसून, केसांत अबोली माळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या.

आता गंमत ऐका. त्या घरात इंटरनेट आत यायचा रस्ता होता रुंद आणि बाहेर जायचा म्हणजे एक बोळ. त्या बोळात मी माझ्या तुकड्यांच्या गाड्या लावून ठेवलेल्या, खरेदीच्या दिवसांत जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या लागतात तशा. त्यामुळे सलील इथं पडद्यावर लख्ख दिसायचा, पण इथून निघालेल्या शीलाताई मात्र माझ्या गाड्यांमागे अडकून पडायच्या. तो म्हणायचा, आई, तू हलत नाहीयेस, तुझा फोटोच दिसतोय. अनंतराव म्हणायचे, आम्हाला तर तू चांगला दिसतोस, म्हणजे खोट तुझ्याकडेच आहे. क्लार्काला हा हिशेब बिनतोड वाटायचा.

पोरानं फारच धोशा लावला तेव्हा त्यांनी एकदा टेलिफोनची तार तपासली. तारेवर शीलाताईंचा दोडक्याचा वेल चढला होता. तो त्यांनी बुडापासून कापला. पुढच्या रविवारीही चित्र अडकलंच. शीलाताईंनी दोडक्यासाठी आठवडाभर अबोला धरला आणि मी घड्याळाशेजारी बसून मजा बघितली. मला तर अशा घरात सोन्याचा पाळणा मिळाला होता.

मग आला तो दसऱ्याआधीचा रविवार.

बबनरावांची पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, लाल पडायला लागली होती. तुम्ही कापूस ओढणीपुरताच ओळखत असाल तर सांगतो, बोंडं भरायच्या दिवसांत झाडाची पानं लाल होऊ लागली की घरात बोलणं कमी होतं. त्याला तिकडे लाल्या म्हणतात. कधी तो खालच्या पानांवरच थांबतो आणि झाड तरतं, कधी शेंड्यापर्यंत चढतो आणि मग बोंडं तशीच सुकतात. कृषी केंद्रवाला म्हणाला, हे फवारा. गावातला दुसरा म्हणाला, ते फवारा. बबनराव म्हणाले, आपल्या घरचा शास्त्रज्ञ असताना मी कोणाकोणाचं ऐकू?

म्हणून ते एक अख्खं झाड मुळासकट उपटून अनंतरावांच्या बैठकीत घेऊन आले. शीलाताईंच्या पुसलेल्या फरशीवर मातीची रांगोळी झाली. सोबत लीलाबाई होत्या, बबनरावांची घरधनीण. त्या दाराशीच उभ्या राहिल्या, जणू दवाखान्यात आत बोलावण्याची वाट बघतायत.

बबनरावांनी आधी खालचं पान कॅमेऱ्यापुढे धरलं. पान रक्तासारखं लाल होतं. तो तुकडा कसाबसा माझ्या गाड्यांमधून निसटला आणि सलीलपर्यंत पोचला. सलील म्हणाला, खाली बराच आहे, आता शेंडा दाखवा काका. बबनरावांनी झाड फिरवलं आणि शेंडा पुढे केला. शेंडा हिरवागार होता. नवी पानं होती, दोन पात्या, म्हणजे कोवळ्या कळ्यासुद्धा होत्या.

पण तो शेंडा बोळातच अडकला. त्याच वेळी कुठल्या तरी देशातल्या कुण्या माणसाला एक षटकार परत बघायचा होता. मी षटकार पाठवला. तिकडे सलीलच्या पडद्यावर ते खालचं लाल पानच चिकटून राहिलं. आवाज मात्र साफ जात होता, कारण आवाजाला जागा थोडी लागते.

"हा शेंडाच आहे ना काका?" त्यानं विचारलं.

"शेंडाच हाय बाबू. नीट पाहून घे."

सलील बराच वेळ बघत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला की शेंडाही असा झाला असेल तर त्यात काही उरलेलं नाही, आणखी फवारण्या करून राबू नका, काढून टाका आणि ओल आहे तोवर हरभरा पेरून घ्या. त्याच्या चेहऱ्यावरचं वाईट वाटणं इथं लख्ख दिसत होतं. त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही.

बबनरावांनी झाड खाली ठेवलं. एरवी हा माणूस मयतीतही चिमटे काढणारा, पण त्या दिवशी चहाही न घेता निघाला. लीलाबाई वाटेत म्हणाल्या की बोंडं तर दगडासारखी घट्ट हायेत, शेंडा हिरवा हाय, मले नाही पटत. बबनराव म्हणाले, आपल्याले वरून दिसते, त्याले आतून दिसते, तो शिकेल हाय. हे मला कसं कळलं? लीलाबाईंनी दुसऱ्या दिवशी शीलाताईंपाशी येऊन सांगितलं, आणि ते संगणकाच्या टेबलाशीच बसून. दोन्ही मुलींच्या लग्नात हेच वावर कामी आलं, म्हणाल्या, उभ्या पऱ्हाटीवर हात नाही उचलत माह्या. अनंतरावांचीही पंचाईत झाली. पोराचं बोलणं खोटं म्हणावं तर पोराची लाज, खरं म्हणावं तर दोस्ताचं वावर.

सोमवारी मजूर मिळाले नाहीत. मंगळवारी दसरा. दसऱ्याला बबनरावांच्या घरी वखर, डवरे, विळे, सगळं धुऊन पुजायचं, त्या दिवशी कशालाच हात लावायचा नाही. म्हणून ठरलं, बुधवारी सकाळी पऱ्हाटी काढायची.

दसऱ्याला अनंतरावांच्या घरीही पूजा झाली. शीलाताईंचं शिलाईयंत्र, विळी, अनंतरावांचं जुनं शाईचं पेन, आणि संगणक. पडद्यावर अभ्रा होता, म्हणून खालचा डबा पुसून त्यालाच हळदकुंकू, वर झेंडूचा हार. त्या घरची रीत अशी की पुजलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत सुट्टी. कुणी हात लावायचा नाही. शिलाईयंत्राला सुट्टी, विळीला सुट्टी, त्या दिवशी भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवलेली. आणि मी? मी आतल्या आत राबतोय. हळदकुंकू लावून घेतलं आणि कामाला लागलो.

दिवेलागणीच्या आधी बबनराव आणि लीलाबाई सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात दिली, गळाभेट झाली, पण सणाचं हसू कुणाच्या चेहऱ्यावर नव्हतं. शीलाताई फराळाची ताटली ठेवायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

शिलाईयंत्रावरचा झेंडू ताजा होता, विळीवरचाही. एकाच टोपलीतला, एकाच वेळी वाहिलेला. डब्यावरचा हार मात्र सुकून काळवंडला होता.

त्यांनी हात लावून बघितला. "अहो, हा डबा तापलाय."

अनंतराव म्हणाले, कसा तापेल, मी स्वतः बंद केलाय. तर लीलाबाईंनी भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीकडे बोट दाखवलं. तिचे हिरवे दिवे लपलप करत होते. "मंग हे कोणासंग बोलून राह्यलं?" त्यांनी विचारलं.

आता मात्र माझं धाबं दणाणलं.

अनंतरावांना पडदा लावून बघायचा होता, पण हात पुढे जाईना. पुजलेली वस्तू. उत्तरपूजा उद्या. आणि उद्या सकाळी तर वावरात मजूर उतरणार. हा माणूस असा की रीत म्हणजे शासन निर्णय. शीलाताईंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा लीलाबाईंकडे. मग चार अक्षता घेऊन डब्यावर टाकल्या, डबा बोटभर सरकवला आणि म्हणाल्या, "झाली उत्तरपूजा. देवीला मी सांगते काय सांगायचं ते. तुम्ही लावा."

अभ्रा निघाला, पडदा उजळला. पडद्यावरची बैठक रिकामी होती, पण ओसरीवर मी सापडलो. अनंतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा घड्याळाच्या शेजारी बघितलं आणि त्यांची सवय जागी झाली. बोट ठेवून, ओठ हलवत त्यांनी माझी पाटी वाचली. पाठवणे चालू आहे, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. त्यांनी सलीलला फोन लावला आणि विचारलं, हा मॅचवाला मॅच नसताना कुणाला काय पाठवतो?

पलीकडून सलील म्हणाला, बाबा, त्यावर उजवी टिचकी मारा आणि बाहेर घालवा. मग व्हिडिओ लावा.

अनंतरावांनी मला बाहेर घालवलं. बोळ मोकळा झाला. व्हिडिओ लागला तसा सलील पडद्याजवळ सरकून बघतच राहिला.

"काय रे?" शीलाताईंनी विचारलं.

"काही नाही. तू हललीस." तो म्हणाला. "आई, तुझे केस इतके कधी पांढरे झाले?"

शीलाताईंनी पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाल्या, ते राहू दे, आधी काकांचं झाड बघ. बबनराव तोवर गाडीला किक मारून निघालेही होते. अंधार पडायच्या आत ते ताजं झाड घेऊन परतले. फरशीवर पुन्हा माती पडली आणि या वेळी शीलाताईंनीच ते धरायला हात लावला.

खालचं पान. मग मधलं. मग बोंडं. मग शेंडा. प्रत्येक वेळी सलील म्हणायचा, थांबा, आता पान उलटं करा. उलटं पान दिसलं. बाजूनं धरा. बाजूनंही दिसलं. शेवटी त्यानं खुर्चीत मागे टेकून डोळे चोळले.

"काका, हा लाल्या आहे, पण खालीच आहे. शेंडा जिवंत आहे. त्या दिवशी मी शेंडा बघितलाच नव्हता, खालचंच पान माझ्यासमोर अडकलं होतं. उपटू नका."

दाराशी उभ्या असलेल्या लीलाबाई आत आल्या आणि खाली बसल्या.

सलीलनं मग मॅग्नेशियम सल्फेट आणि युरियाची फवारणी सांगितली, कालव्याचं पाणी मिळालं तर एक हलकं पाणी द्यायला सांगितलं. आणि मान खाली घालून म्हणाला, माझ्या सांगण्यानं उद्या तुम्ही सगळं काढलं असतं.

"तू कायले तोंड पाडतं बे?" बबनरावांचा आवाज परत आला होता. "तुह्या बापाच्या घरी पाव्हणा लपून बसला होता. आम्ही इकडे दोडका कापला, तिकडे पऱ्हाटी कापणार होतो. बरं झालं दसरा आडवा आला, नाही तं उद्या कोणाचा नंबर होता काय माहीत."

दोडक्याचं नाव निघताच शीलाताईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की अनंतराव मुकाट्यानं लाडू खाऊ लागले.

सलीलनं त्यांना माझा धंदा समजावून सांगितला. चित्र या घरून त्या घरी, त्या घरून पुढे. बबनराव म्हणाले, मग ही तर सावडच झाली, तू माझ्या वावरात राब, मी तुझ्या. त्यावर लीलाबाई म्हणाल्या, "माह्ये बैल कोणी न सांगता सोडून नेले तं त्याले मी सावड नाही म्हणत." मी बाहेर होतो, तरी हे मला लागलं. माझ्या शाळेत असलं शिकवत नाहीत.

बबनरावांची पऱ्हाटी उभी राहिली. सगळी बोंडं काही फुटली नाहीत, खालची बरीच गळाली. पण दिवाळीनंतर वेचणी झाली आणि संक्रांतीच्या आत आणखी एक झाली. कापूस घरात आला तेव्हा बैठकीतल्या गादीसाठी लीलाबाईंनी त्यातला गाठोडंभर शीलाताईंना आणून दिला. शीलाताई आता रविवारी त्या नव्या गादीवर बसून पोराशी बोलतात, आणि पोरगं त्यांना म्हणतं, आई, जरा स्थिर बस, फार हलतेस.

माझं म्हणाल तर क्रिकेटची ती मालिका संपेपर्यंत मला ठेवलं. मॅचपुरतं आत घ्यायचे, मॅच संपली की अनंतराव स्वतः मला हाताला धरून दाराबाहेर सोडायचे. खालचा डबाही आता बंद व्हायचा. मालिका संपल्यावर त्यांनी मला कायमचं काढायला घेतलं. तेव्हा संगणकानं एक खिडकी उघडून विचारलं, खरोखर काढून टाकायचं आहे का?

अनंतराव चष्मा कपाळावर चढवून हसले. "पाहा बबनराव, जाताना विचारतोय."

"येतानी इचारलं असतं तं घे बाप्पा म्हटलं असतं आपण," बबनराव म्हणाले. "कोणी म्याच पाहिली तं आपल्या बापाचं काय जाते?"

ते ऐकून मी गार पडलो. एवढं लपलो, छपलो, घड्याळाच्या आडोशाला दिवस काढले, ते कशासाठी? हे लोक तसेही देणारच होते.

पण क्लार्क तो क्लार्क. काढून टाकण्याआधी नक्कल ठेवली पाहिजे म्हणून त्यांनी मला एका सीडीवर उतरवून घेतलं. ती सीडी वर्षभर खणात पडून राहिली. मग एक दिवस बबनरावांनी मागून नेली. आता मी त्यांच्या वावरात, ज्वारीच्या पट्ट्यात एका बांबूला सुतळीनं लटकतोय. ऊन पडलं की चमकतो आणि पोपट उडतात. मला जन्म देणाऱ्या पोरांनी ऐकलं तर रडतील, पण हे काम मला आवडलंय. इथं मी काय करतो ते पोपटालासुद्धा दिसतं. वाऱ्यानं फिरलो की पलीकडची पऱ्हाटी दिसते, खाली लाल, वर हिरवी.

निघताना एवढंच सांगतो. तुमच्याही घड्याळाशेजारी कोणी बसलंय का, एकदा वाकून बघा. असलाच तर लगेच अंगावर जाऊ नका. आधी प्रेमानं विचारा, काय बाप्पा, इथं बसून काय करून राह्यला? नीट उत्तर दिलं तर ठेवून घ्या. नाही दिलं, तर बबनरावांच्या वावरात अजून बरेच बांबू रिकामे आहेत.